एकट्यापुरती सीट

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, 'हे' म्हणायचं, ही आमच्या माहेरची पद्धत. लग्न झाल्यापासून ती मोडायचं माझ्या मनात होतं. पण या लिखाणात कुणाचंच नाव घ्यायचं नाही असं मी ठरवलं आहे, त्यामुळे ती पद्धत पहिल्यांदाच माझ्या काही उपयोगाला येते आहे. तर हे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते. कारखाना तळवलीजवळ, आणि आम्ही राहायला वाशीत.

आम्ही वाशीला आलो ते ऐंशी सालानंतर. वसाहत नवी कोरी होती. इमारती होत्या, रस्ते होते, रस्त्यांवर दिवे होते, फक्त त्या रस्त्यांवरून जायचं कुठे हे अजून ठरायचं होतं. बस यायची तेव्हा यायची. त्यामुळे ज्याच्याकडे दुचाकी तो सुखी, आणि ह्यांच्याकडे मोटरसायकल होती. काळी, जड, कुणीतरी वापरून विकलेली. सुरू करायला लाथ मारावी लागे आणि थंडीत ती कधी कधी उलटी लाथ मारे. ह्यांच्या नडगीवर त्याची खूण होती आणि ती ते पाहुण्यांना दाखवत.

त्या मोटरसायकलवर आम्ही डबलसीट जायचो. मी साडीत, एका बाजूला पाय सोडून, उजवा हात ह्यांच्या खांद्यावर, डावा सीटमागच्या दांड्याला, पर्स मांडीवर आणि डब्याची पिशवी पर्सवर. तेव्हा सगळ्याच बायका अशा बसत. जाताना मला खाडी आणि मिठागरं दिसत, येताना कारखान्यांच्या चिमण्या आणि त्यांच्यामागचे डोंगर. चाकात पदर जाऊ नये म्हणून गाडीच्या डाव्या अंगाला लोखंडी सळ्यांची एक जाळी असते, तिला साडी गार्ड म्हणतात. तिच्याखालच्या पट्टीवर मी पाय ठेवायची. घरात माझी म्हणावी अशी जागा नव्हती. स्वयंपाकघर होतं, पण ती जागा नव्हे, ते काम. ती अर्धी सीट मात्र माझी होती आणि मला ती फार आवडायची.

त्यात मला नोकरी लागली. ऐरोलीला तेव्हा नव्या घरांची नुसती सुरुवात होती, आणि तिथे एक मराठी शाळा निघाली होती. मोठ्या बाईंनी मला घेतलं ते वर्षभर बघू, मग कायम करू, या बोलीवर. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांचं म्हणणं एकच होतं. प्रार्थना सुरू व्हायच्या आत बाईंनी वर्गात असलं पाहिजे, आणि बाईंनी साडीत असलं पाहिजे. दोन्ही मला मान्य होतं. कारखाना आधी लागायचा आणि शाळा पुढे, तरी हे रोज मला शाळेच्या फाटकाशी सोडून उलटे फिरून कामावर जायचे. त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. मीही आभार वगैरे मानले नाहीत. नवराबायकोत आभार मानायला लागलं की समजावं, काहीतरी बिनसलंय.

मग एका संध्याकाळी हे घरी आले ते गाडीला नवीन साडी गार्ड लावून. जुना पुरेसा चांगला होता. हा नवा सळ्यांचा नव्हता, पत्र्याचा होता, आणि जवळजवळ अख्खं चाक झाकत होता. गाडी डावीकडून रेशनच्या दुकानातल्या पिंपासारखी दिसायला लागली. मी विचारलं, हा कशाला. म्हणाले, कारखान्यात पत्रा पडून होता. मेंटेनन्समधल्या माणसाच्या घरात अशा पडून असलेल्या गोष्टी येतच असतात. आमच्याकडे देवघरसुद्धा तसलंच होतं. मी सोडून दिलं.

त्याच दिवसांत आणखी एक सुरू झालं. रस्त्याने जाताना हे मान न वळवता मागे विचारायचे, "बसलीस ना?" मी म्हणायची, बसले. जरा वेळाने पुन्हा, "बसलीस ना?" आता धावत्या गाडीवर मी बसले नसेन तर काय भिंतीला टेकून उभी असेन? पहिले काही दिवस मी उत्तरं दिली. मग नुसतं हूं म्हणायला लागले. एकदा गंमत म्हणून काहीच बोलले नाही, तर ह्यांनी भररस्त्यात गाडी थांबवली. मागच्या टेम्पोवाल्याने आम्हा दोघांच्या घराण्याचा उद्धार केला.

त्यानंतर ह्यांची कंबर दुखायला लागली. म्हणजे त्यांनी तसं सांगितलं. डॉक्टरांनाही दाखवलं म्हणाले. कारण असं की मी डाव्या बाजूला पाय सोडून बसते, माझं सगळं वजन डावीकडे जातं, म्हणून ह्यांना उजवीकडे कलून गाडी चालवावी लागते आणि त्याने कंबर भरते. हे मला पटावं म्हणून त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला चित्र काढलं. त्यात मी एक गोळा होते आणि माझ्यातून खाली एक बाण गेलेला होता. शिकलेल्या माणसाची कंबर दुखली तरी बाणांसकट दुखते. मी म्हटलं, माझं वजन लग्नात होतं तेवढंच आहे. ते म्हणाले, प्रश्न वजनाचा नाही, दिशेचा आहे.

उपाय त्यांनी आधीच शोधून ठेवला होता. तो कुर्ल्याच्या भंगारातून आणून त्यांनी गॅलरीत ठेवला आणि वर माझी जुनी साडी टाकली. मला वाटलं पंखा असेल. निघाली सीट. जुन्या काळच्या कुठल्यातरी लष्करी मोटरसायकलची, एकट्यापुरती, सायकलच्या सीटच्या आकाराची पण तिच्या तिप्पट रुंद, कातडं वाळून खडखडीत झालेलं, आणि खाली मागच्या बाजूला मनगटाएवढ्या जाड दोन स्प्रिंगा. या सीटने कंबरेला हादरे बसत नाहीत, असं ते म्हणाले. मी विचारलं, आणि मी कुठे बसायचं? ते म्हणाले, काही दिवस बसने जा, मग बघू. कानामागून आली नि तिखट झाली म्हणतात ते हेच. भंगारातली सीट गॅलरीत आली आणि मी रस्त्यावर.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, राग फार आला. पण कंबर दुखणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? मी आठवडाभर डब्यात पडवळ दिलं. ह्यांना पडवळ आवडत नाही. त्यांनी ते रोज संपवलं आणि छान झालं होतं म्हणाले. अशा माणसाचं पुढे काही करता येत नाही.

तळवलीला गावातल्याच एकाने रस्त्याच्या कडेला वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं. दुकान म्हणजे चार बांबू, वर पत्रे, मागे त्याचं घर आणि पुढे एक आंब्याचं झाड. शेती रस्त्यात आणि कारखान्यांत गेल्यावर त्याने हा धंदा धरला होता. मुख्यतः तो टँकरच्या शिड्या आणि इमारतींची ग्रिलं जोडायचा. मोटरसायकलला सीट बसवायचं काम त्याने कधी केलं नव्हतं, पण तसं त्याने सांगितलं नाही, आणि ह्यांनीही ते कधी केलं नव्हतं, तेही त्यांनी सांगितलं नाही. रविवारी आम्ही दोघं तिथे गेलो. मी मुद्दाम गेले. माझी जागा काढणार तर माझ्या डोळ्यांदेखत काढा, असं माझं म्हणणं होतं.

सीट हातात धरून त्याने उलटीसुलटी केली. मग ह्यांना म्हणाला, "साएब, ही जुन्या गारीची हाय. त्या गारीला मागं शाक नव्हता, म्हनून सीटला स्प्रिंगा. तुमच्या गारीला दोन शाक हायेत. मंग दोनाच्या वर दोन कशाला?"

शाक म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना असतात ते. जुन्या गाड्यांचं मागचं चाक थेट सांगाड्यालाच बसवलेलं असे, खड्डा थेट माणसात शिरे, म्हणून सीटखाली स्प्रिंगा देत. आमच्या गाडीचं चाक आधीच शॉकवर झुलत होतं. एवढं मलाही तिथे उभं राहून समजलं. ह्यांना ते आधीपासून माहीत होतं, कारण ते इंजिनिअर होते. तरी ते म्हणाले, दोन असलेलं बरं. वेल्डरने खांदे उडवले आणि चष्मा चढवला.

पहिल्यांदा लांब सीट उतरवली. तिच्याखाली गाडी अगदीच केविलवाणी होती, वायरी, बॅटरी आणि वर्षानुवर्षांची धूळ. माझी हरवलेली एक केसांची पिन तिथे सापडली. मग पेट्रोलची टाकी काढून आंब्याखाली नेऊन ठेवली, कारण जोडकाम तिच्या मागेच व्हायचं होतं. बॅटरीही सोडवली. टाकीच्या मागे सांगाड्याच्या दोन नळ्यांमध्ये एक आडवी पट्टी जोडली आणि त्या पट्टीवर सीटचं नाक एका जाड बोल्टने अडकवलं, असं की ते वरखाली हलेल. इथवर ठीक होतं. प्रश्न आला मागे. स्प्रिंगांना खाली टेकायला काहीतरी हवं, आणि सांगाड्याच्या नळ्या त्यांच्या मानाने फार लांब लांब. वेल्डरने सरळ मडगार्डला भोकं पाडली आणि स्प्रिंगा त्यावर बसवल्या. काम झटपट झालं. ह्यांनी बसून बघितलं, सीट मऊ दबली, दोघांनाही फार समाधान वाटलं.

मग हे चक्कर मारायला गेले. गाव संपतं तिथे एक मोठा खड्डा होता. खड्ड्याशी जोरात खर्र आवाज झाला आणि जळक्या रबराचा वास आमच्यापर्यंत आला. मडगार्डच्या खालून बोल्टांची टोकं बाहेर आली होती, शॉक दबल्यावर चाक वर आलं आणि टायर त्या टोकांवर घासला. उभ्या गाडीवर बसून हे समजणं शक्यच नव्हतं. दोघांनी खाली वाकून बराच वेळ टायरकडे बघितलं. मग दुसरी जाड पट्टी आणून ती सांगाड्याच्या नळ्यांना दोन्हीकडे जोडली, स्प्रिंगा तिच्यावर घेतल्या आणि बोल्ट उलटे टाकले, डोकी खाली आणि टोकं वर. मडगार्डची भोकं तशीच राहिली. पुढे पावसाळ्यात त्यांतून चिखलाच्या दोन धारा ह्यांच्या शर्टावर उडत.

आता सगळं झालं होतं. वेल्डरने हात पुसले, गाडीभोवती एक फेरी मारली, आणि डाव्या बाजूला थांबला. त्या पत्र्याच्या साडी गार्डवर त्याने पाना वाजवला.

"वहिनी बसनार नाय, मंग ह्यो गार्ड कशाला? कारून टाकू?"

"नको," हे म्हणाले. "राहू दे."

"शोभत नाय, साएब."

"शोभेसाठी नाही तो."

मला ते ऐकू आलं, पण त्या वेळी मी माझ्या लांब सीटकडे बघत होते. ती वेल्डरने दुकानात दोन विटांच्या ढिगांवर आडवी ठेवली होती आणि त्याचं एक गिऱ्हाईक तिच्यावर बसून विडी ओढत होतं. हे म्हणाले, असू दे इथेच, घरी जागा नाही. ते खरंच होतं, घरी जागा नव्हतीच. तरी मला रडू यायला लागलं, आणि सीटसाठी रडणं बरं दिसत नाही म्हणून मी डोळ्यांत वेल्डिंगचा धूर गेल्याचं सांगितलं.

परतताना मी बसने आले. बस लगेच मिळाली, खिडकीही मिळाली. खिडकीतून मागे पाहिलं तर हे बसच्या मागे मागे येत होते. मोटरसायकलला बसच्या पुढे काढायला काहीच हरकत नव्हती, पण ते वाशीपर्यंत तसेच बसच्या धुरात राहिले. खड्ड्यात गाडी खाली जाई तेव्हा हे वर असत, आणि हे खाली येईपर्यंत गाडी वर आलेली असे. दोघांची गाठ मध्येच कुठेतरी पडे आणि ती सौम्य नसे. शेजारी बसलेली बाई म्हणाली, बघा कसा उडतोय तो माणूस. मी म्हटलं, हो, कुणीतरी वेडा दिसतोय.

नव्या वसाहतीत बातम्यांची टंचाई होती. आमच्या सोसायटीच्या आवारात ती सीट उभी राहिली त्या दिवसापासून टंचाई संपली. कुणाच्या घरी टीव्ही आला तर लोक दोन दिवस बोलत. नवऱ्याने गाडीची डबलसीट काढून सिंगल सीट बसवली, हे त्याच्या बरंच वरचं होतं. बसस्टॉपवर मी एकटी उभी आणि समोरून हे एकटे उडत उडत जाताहेत, हे रोज सकाळी सगळ्या गॅलऱ्यांतून दिसायचं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एका सकाळी घावणे आणून दिले. कुणी आजारी असेल किंवा गेलं असेल तरच त्या घावणे देत. माझ्या हातावर हात ठेवून त्या म्हणाल्या की पुरुषांचं असंच असतं, हेही दिवस निघून जातात, तू माहेरी मात्र जाऊ नकोस, एकदा गेलं की त्यांचं फावतं. मी त्यांना कंबरेचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. तेवढ्या दयाळूपणे माझं कुणीच कधी अविश्वासाने ऐकून घेतलेलं नाही.

हे हसण्यावारी नेलं असतं, पण शाळेचं काय? पहिल्या आठवड्यात बस वेळेवर आली. दुसऱ्या आठवड्यात मी फाटकातून आत शिरले तेव्हा प्रार्थनेचं शेवटचं कडवं चालू होतं. त्यानंतर एकदा प्रार्थना संपलेलीच होती, आणि माझ्या वर्गात मोठ्या बाई स्वतः उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. मधल्या सुट्टीत बोलावून त्यांनी घरचं सगळं ठीक आहे ना, असं विचारलं आणि वर्ष संपत आलंय, याची आठवण करून दिली. ऐरोलीत माझ्यासारख्या बाया आता मिळायला लागल्या होत्या, शाळेच्या समोरच राहणाऱ्या. नोकरी जाणार हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि ती एका स्प्रिंगवाल्या सीटपायी जाणार होती. घरी येऊन सांगितलं. हे म्हणाले, गेली तर गेली नोकरी. हे वाक्य मी त्यांना बरीच वर्षं माफ केलं नव्हतं.

त्याच सुमाराला मला खोकला झाला म्हणून मी डॉक्टरांकडे गेले. आमच्या सेक्टरला तेव्हा ते एकच डॉक्टर. औषध लिहून घेताना मी विचारलं की ह्यांच्या कंबरेला अजून किती दिवस लागतील. डॉक्टर म्हणाले, कुणाच्या? ह्यांचा चेहरा त्यांना चांगला माहीत होता, पण कंबर कधी दाखवली नव्हती. थोडा विचार करून ते म्हणाले, तशी त्यांची प्रकृती उत्तम आहे, तुम्हीच जरा जपा.

मी औषधाची बाटली तशीच हातात घेऊन सरळ आवारात आले. हे गाडीशी वाकून बोल्ट आवळत होते, कारण त्या सीटचे बोल्ट रोज ढिले व्हायचे. संध्याकाळची वेळ होती, गॅलऱ्या भरलेल्या होत्या, त्यामुळे मी हळू बोलले. हळू बोलताना राग जास्त येतो, हा माझा अनुभव आहे.

म्हटलं, डॉक्टर भेटले होते. ह्यांनी पाना खाली ठेवला. मी म्हटलं, मी नको असेन तर तसं सांगा. कंबर कशाला पुढे करता? आणि मी नकोच होते तर हा गार्ड तरी कशाला ठेवलात?

"तू परत कधी बसलीस तर असावा म्हणून."

"कुठे बसू?"

गाडीला खरंच एकट्याची सीट होती आणि शेजारी एका बाईची साडी सांभाळायला पत्र्याचं पिंप होतं. वेड्याने जोडल्यासारखी ती गाडी आमच्यामध्ये उभी होती. ह्यांनी हात पुसायला फडकं घेतलं आणि पुसतच राहिले. मग फडक्याकडे बघत त्यांनी सांगितलं.

त्यांच्याच खात्यातला एकजण, कळव्याचा. आमच्यासारखाच रोज बायकोला मागे बसवायचा, तिला आधी पुढे म्हाप्याला तिच्या कामावर सोडून मग उलटा फिरून यायचा. तीन-चार महिन्यांपूर्वी सकाळी म्हापे फाट्याजवळ हे त्यांच्या मागून जात होते, मला शाळेत सोडून कारखान्याच्याच कामाला म्हाप्याला निघालेले. फाट्याशी तो वळला तेव्हा त्या बाईचा पदर चाकात गेला. जुना सळ्यांचा गार्ड होता. ती मागच्या मागे रस्त्यावर पडली. पाठीमागून टँकर होता. ह्यांनी गाडी आडवी घातली आणि टँकर थांबवायला धावले.

मी विचारलं, वाचली?

"ती वाचली. पाय नाही वाचला."

मला वाटलं झालं, एवढंच होतं. पण ह्यांचं झालं नव्हतं. फडक्याची घडी करत ते म्हणाले, "त्याला कळलंच नाही गं. तो तसाच पुढे गेला, पार पुलापर्यंत. मला नंतर म्हणाला, मी तिच्याशी बोलत होतो. ती नव्हती, आणि मी बोलतच होतो."

हातातल्या बाटलीचं बूच मी नीट लावलं नव्हतं. खोकल्याचं औषध माझ्या साडीवरून पायावर येत होतं आणि मला ते कळत होतं, तरी मी हललेच नाही. रोज रस्त्याने बसलीस ना, बसलीस ना म्हणणारा माणूस समोर उभा होता, आणि त्याला मी टेम्पोवाल्याच्या शिव्या खायला लावल्या होत्या. मला त्यांची इतकी कीव आली आणि इतका राग आला की दोन्ही एकदम बाहेर पडेनात. हे मला का नाही सांगितलंत, असं विचारलं. म्हणाले, सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस. मी म्हटलं, आणि आता? म्हणाले, आता मी घाबरलोय, एकजण पुरे.

त्या आठवड्यात मी कापड आणून एक पंजाबी ड्रेस शिवून घेतला. आमच्या वयाच्या लग्न झालेल्या बायका तेव्हा असले कपडे घालत नसत. घातलेच तर महाबळेश्वरला, फोटोपुरते. ह्यांना मी सांगितलं की सोमवारपासून मी पाय दोन्हीकडे टाकून बसणार, पुरुषांसारखी. ना पदर, ना निऱ्या. शाळेत पोचल्यावर साडी नेसेन. ह्यांनी आधी नाही म्हटलं. म्हणाले, सोसायटीतले लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोकांनी तुम्ही मला टाकलंत इथपर्यंत म्हणून झालंय, आता ड्रेसचं काय उरलंय. यावर ते म्हणाले, दोन्ही हातांनी धरशील ना? मी म्हटलं, धरेन.

रविवारी पुन्हा तळवली. मी बसने, हे बसच्या मागून. वेल्डरने माझी लांब सीट द्यायला कुरकुर केली, गिऱ्हाइकांना तिची सवय झाली होती म्हणाला. शेवटी ती आम्ही घेतली आणि बदल्यात स्प्रिंगांची सीट त्याला दिली. तिच्यावर बसून बघून त्याने लगेच तोंड वाकडं केलं. पाठीला लागते म्हणाला. ह्यांनी मान डोलावली, कारण एव्हाना ह्यांची कंबर खरोखरच दुखायला लागली होती.

सोमवारी सकाळी आवारात मी पाय टाकून गाडीवर बसले तेव्हा सगळ्या गॅलऱ्या गप्प होत्या. खालच्या काकूंनी वाळत घालायचा टॉवेल हातात तसाच धरला होता. मी त्यांना हात केला, त्यांनीही न राहवून केला. मग मी दोन्ही हात ह्यांच्या पोटावर बांधले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि चारचौघांत मी असं कधी केलं नव्हतं. लाज वाटली, पण सोडले नाहीत.

कोपरखैरणे गेलं. ह्यांनी एकदाही काही विचारलं नाही, विचारायचं कारण नव्हतं. पुढे म्हापे फाटा आला, आणि माझ्या हातांखाली ह्यांचं पोट आत गेलं. आत गेलं ते तसंच राहिलं. फाट्यावर टँकर वळत होते, आमची गाडी हळू झाली, पुन्हा निघाली, वळण मागे पडलं, आणि कितीतरी पुढे गेल्यावर ह्यांनी श्वास सोडला. ते पुढे बघत होते. मला हे कळतंय, हे त्यांना कळलं नव्हतं.

मी त्यांना ते कधीच सांगितलं नाही. शाळेत कायम झाले, मग पुढे स्कूटर आली, मग चारचाकी. मोटरसायकल विकेपर्यंत रोज सकाळी म्हापे फाट्याला ह्यांनी श्वास धरला आणि रोज मी तो सुटेपर्यंत हात घट्ट ठेवले.